जुन्या फियाट-अँबेसिडरला नवा अलार्म बसवताना: आधी गाडीची वीज समजून घ्या

अलार्म घ्यायला दुकानात गेलं की दुकानदार एक डबा पुढे करतो, त्यात दोन रिमोट, एक सायरन, एक काळी पेटी आणि रंगीबेरंगी वायरींचा झुपका, आणि म्हणतो की भाऊ दोन तासात बसवून देतो. गेल्या पंधरा-वीस वर्षातली गाडी असेल तर खरंच दोन तासात बसतो. पण तुमच्याकडे आजोबांच्या वेळची अँबेसिडर असेल, कुर्ल्याच्या कारखान्यातली प्रीमियर पद्मिनी, म्हणजे आपली फियाट असेल, किंवा मळ्यात उभी असलेली विलीज जीप असेल, तर त्या डब्यातल्या वस्तूने तुमच्या गाडीबद्दल बऱ्याच गोष्टी मनाशी धरून ठेवलेल्या असतात आणि त्यातल्या निम्म्या तुमच्या गाडीत नसतातच. अलार्म खराब नाही आणि गाडीही खराब नाही, दोघांची ओळख नीट करून दिली नाही की मग रात्री दोनला सायरन वाजतो, आठवड्यात बॅटरी बसते, किंवा वायरिंगमधून धूर निघतो. म्हणून हे सगळं सोप्या भाषेत लिहितोय, म्हणजे इलेक्ट्रिशियनसमोर उभं राहिल्यावर तो काय करतोय ते तुम्हाला कळेल आणि चुकीचं करत असेल तर थांबवता येईल.

जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्ही जिल्ह्यात अशा गाड्या अजून घरोघर सापडतात. केळी-कापसाच्या जुन्या बागायतदारांकडे, सावदा-फैजपूर-रावेर पट्ट्यात, अमळनेर-चोपड्याच्या जुन्या वाड्यांमध्ये, कुणाच्या खळ्यात ताडपत्रीखाली. अँबेसिडरचं उत्पादन २०१४ मध्ये थांबलं, पद्मिनी तर त्याच्याही बरीच आधी, त्यामुळे आता जी गाडी आहे ती आहे, गेली तर तशी परत मिळत नाही, आणि गाडी गेली म्हणजे नुसतं लोखंड जात नाही हे ज्याच्या घरात अशी गाडी आहे त्याला सांगायची गरज नाही.

आधी चोराचा विचार करू, कारण अलार्म कशाला हवाय ते ठरलं की काय बसवायचं ते आपोआप ठरतं. नवी गाडी चोरणारा कॉम्प्युटरशी झगडतो. जुन्या पेट्रोल गाडीत कॉम्प्युटरच नाही. बोनेट उघडायचं, बॅटरीच्या प्लसवरून एक वायर इग्निशन कॉइलच्या प्लसला लावायची, धक्का मारायचा, गाडी सुरू. चावी लागत नाही, डॅशबोर्ड फोडावा लागत नाही. दरवाज्याचं कुलूपही चाळीस-पन्नास वर्षं वापरून इतकं झिजलेलं असतं की त्यावर भरवसा ठेवण्यात अर्थ नाही. आणि दुसरा प्रकार त्याहून सोपा, गाडी सुरूच करायची नाही, सरळ उचलून टेम्पोत टाकायची. आपल्याकडे धुळ्यावरून मुंबई-आग्रा रस्ता जातो आणि जळगाव-भुसावळवरून सुरत-नागपूर, शिरपूरच्या पुढे सेंधवा आणि रावेरच्या पुढे बऱ्हाणपूर म्हणजे मध्य प्रदेश, नवापूरच्या पुढे गुजरात. गाडी सकाळी सापडायच्या आत दुसऱ्या राज्यात असते. तेव्हा तीन गोष्टी हव्यात: बोनेट किंवा दार उघडलं तर आवाज झाला पाहिजे, वायर जोडून गाडी सुरू होता कामा नये, आणि उचलून नेली तर कुठे आहे ते कळलं पाहिजे. बाकी रिमोटवर दिवे लुकलुकणं वगैरे हौस आहे, करा, पण हे तीन आधी.

आता मुख्य मुद्दा, व्होल्टेज आणि अर्थिंग. बाजारातला जवळजवळ प्रत्येक अलार्म १२ व्होल्ट आणि निगेटिव्ह अर्थ धरून बनवलेला असतो. निगेटिव्ह अर्थ म्हणजे बॅटरीचा मायनस गाडीच्या बॉडीला जोडलेला, आणि प्लस वायरींमधून फिरतो. आज सगळ्या गाड्या अशाच असतात. पण जुन्या ब्रिटिश गाड्या, मॉरिस, ऑस्टिन वगैरे, यांच्यात उलटं असायचं, प्लस बॉडीला आणि मायनस वायरींमध्ये. अँबेसिडरचा जन्मच मॉरिस ऑक्सफर्डमधून झालाय, म्हणून अगदी जुन्या अँबेसिडर किंवा तिच्या आधीच्या लँडमास्टरचं बोनेट उघडून बघितल्याशिवाय काहीही धरून चालू नका. बघायचं सोपं आहे, बॅटरीची जी जाड केबल सरळ बॉडीवर बोल्टने आवळली आहे ती बॅटरीच्या कोणत्या टोकावरून येते ते बघा. बॅटरीचं प्लसचं टोक मायनसपेक्षा थोडं जाड असतं, खूण पुसली असली तरी त्यावरून कळतं. आणि पन्नास वर्षात कुणीतरी मधेच अर्थिंग बदललेलंही असू शकतं, त्यामुळे पुस्तकात काय छापलंय त्यापेक्षा तुमच्या गाडीत आत्ता काय आहे ते महत्त्वाचं.

प्लस अर्थच्या गाडीत सरळ अलार्म जोडला तर तो पहिल्याच क्षणी जळू शकतो. उपाय म्हणजे गाडी निगेटिव्ह अर्थ करून घेणं, आणि हे वाटतं तितकं मोठं काम नाही. बॅटरी फिरवायची, कॉइलच्या दोन बारीक वायरी आपसात बदलायच्या, अँमीटर (करंट दाखवणारा काटा) असेल तर त्याच्या वायरी बदलायच्या, आणि डायनमोला, म्हणजे इंजिनवर फिरून वीज बनवणाऱ्या यंत्राला, नवी दिशा शिकवायची, म्हणजे त्याच्या दोन्ही वायरी काढून फील्डच्या टोकाला बॅटरीच्या लाइव्हची वायर क्षणभर दोन-तीनदा टेकवायची, त्याने आतल्या लोखंडात राहिलेलं चुंबकत्व उलटं होतं. हे शेवटचं जुन्या हाताच्या इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या. ल्युकास कंपनीच्या जुन्या सेल्फला आणि वायंडिंगवाल्या वायपर मोटरला काही फरक पडत नाही, त्या दोन्हीकडून सारख्याच फिरतात, पण जुना रेडिओ असेल तर आधी काढून ठेवा, तो जळेल. विलीज जीपवाल्यांनी अजून एक बघायचं, मूळ जीप ६ व्होल्टची आहे, लष्करातून आलेल्या काही २४ व्होल्टच्या. बऱ्याच जणांनी त्या कधीच १२ वर आणल्यात पण मल्टीमीटर लावून खात्री करा. पद्मिनी इटालियन वंशाची, तिथे ही अर्थिंगची कटकट सहसा येत नाही.

इथवर जमलं की मग बॅटरीचा प्रश्न, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त अलार्म याच कारणाने काढून फेकले जातात. "बॅटरी बठी गई भो" हे वाक्य अलार्म बसवून पंधरा दिवस झालेल्या प्रत्येक माणसाच्या तोंडून ऐकू येतं आणि दोष अलार्मला दिला जातो. हिशोब बघा. अलार्म गाडी बंद असतानाही जागा असतो, त्यामुळे थोडा थोडा करंट सतत खातो, मातीचा माठ झिरपतो तसा, दिसत नाही पण सकाळी पातळी खाली गेलेली असते. साधा अलार्म साधारण २० मिलीअँपिअर खातो असं धरा. २४ तासात ते होतं ०.४८ अँपिअर-अवर, म्हणजे जवळपास अर्धा. पद्मिनीला ३५ अँपिअर-अवरची बॅटरी असेल आणि ती निम्म्यावर येईपर्यंतच सेल्फ नीट मारेल असं धरलं तर साडेसतरा वापरायला मिळतात, म्हणजे ३६ दिवस. हे झालं नव्या बॅटरीचं. आता त्यात जीपीएस ट्रॅकर जोडा, एकूण ५० मिलीअँपिअर धरा, दिवसाला १.२, आणि गाडी १४ दिवसात गप्प. नवी गाडी रोज चालते म्हणून हे कुणाला जाणवत नाही, आपली जुनी गाडी महिन्यातून एकदा, लग्नाला, नाहीतर पोळा-दिवाळीला बाहेर निघते, तिथे हाच हिशोब अंगावर येतो.

त्यात आपला उन्हाळा. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ च्या वर जातो हे सांगायला नको, आणि लेड-अॅसिड बॅटरीचं असं आहे की तापमान १० अंशाने वाढलं की ती नुसती ठेवल्या ठेवल्या उतरण्याचा वेग साधारण दुप्पट होतो, कुणी काही जोडलेलं नसलं तरी. पत्र्याच्या शेडमध्ये उभी असेल तर अजूनच. शिवाय बऱ्याच जुन्या गाड्यांत डायनमो असतो, नव्या गाड्यांतला अल्टरनेटर नाही. ल्युकासचा सी४० डायनमो पूर्ण जोरात २२ अँपिअर देतो, तोही गाडी वेगात असताना, आणि गाडी नुसती सुरू करून जागेवर ठेवली तर जवळजवळ काहीच देत नाही. त्यामुळे आठवड्यातून एकदा गाडी दहा मिनिटं सुरू ठेवतो, बॅटरी चार्ज होते, ही जी आपल्याकडे समजूत आहे ती डायनमोच्या गाडीला लागू होत नाही, उलट सेल्फ मारताना जे गेलं तेही भरून निघत नाही. खरा उपाय म्हणजे शेडमध्ये लाइट असेल तर ट्रिकल चार्जर, जो बॅटरी भरली की आपोआप कमी होतो, किंवा छोटं सोलर पॅनल, ऊन तर आपल्याकडे भरपूर आहे.

अलार्म बसवल्यावर खरा करंट किती जातोय ते मोजूनच घ्या. बॅटरीचा अर्थचा केबल काढायचा, मल्टीमीटर १० अँपिअरच्या रेंजवर ठेवून केबल आणि बॅटरीच्या मधे लावायचा, दारं बंद, अलार्म लावलेला, आणि वीस-तीस मिनिटं थांबायचं कारण लगेच बघितलं तर अलार्म अजून झोपलेला नसतो, आकडा जास्त दिसतो. मीटर लावलेला असताना चुकूनही सेल्फ मारू नका, मीटरचा फ्यूज उडेल. स्थिर झाल्यावर ३० मिलीअँपिअरच्या आत असेल तर ठीक. १५०-२०० दिसत असेल तर कुठलातरी रिले, म्हणजे विजेने ओढला जाणारा स्विच, सतत ओढून धरलेला आहे, एक साधा १२ व्होल्टचा रिले एकटा दीडशेच्या आसपास खातो, म्हणजे दिवसाला ३.६, आणि पाच दिवसात बॅटरी खलास. इलेक्ट्रिशियनला सांगा जोडणी बदल, रिले फक्त गरज असताना ओढला गेला पाहिजे. कसा ते पुढे इंजिन बंद करण्याच्या भागात सांगतो.

दरवाज्याचे स्विच. दार उघडलं की आतला दिवा लागतो तोच स्विच अलार्मही वापरतो. अलार्मच्या झुपक्यात त्यासाठी दोन वेगळ्या वायरी येतात, एक निगेटिव्ह ट्रिगर आणि एक पॉझिटिव्ह ट्रिगर, यातली एकच वापरायची, आणि कोणती ते गाडीवर अवलंबून. स्विचच्या वायरीवर मीटर लावा. दार बंद असताना १२ व्होल्ट आणि उघडल्यावर शून्य येत असेल तर तुमचा स्विच अर्थ जोडतो, निगेटिव्ह ट्रिगर वापरा. उलटं असेल तर पॉझिटिव्ह. बस इतकंच आहे, पण हे न बघता अंदाजाने जोडलं की अलार्म एकतर कधीच वाजत नाही नाहीतर लावल्या लावल्या वाजतो. बऱ्याच जुन्या गाड्यांमध्ये स्विच फक्त पुढच्या दोन दारांना असतात, मागची दारं, बोनेट आणि डिकी उघडीच. बोनेटला पिन स्विच (झाकण उघडलं की पिन वर येऊन अलार्मला कळवणारा) नवा बसवणं मला सगळ्यात गरजेचं वाटतं, कारण चोर कॉइलपर्यंत तिथूनच जातो. पिन स्विच पावसाचं पाणी साचेल अशा खोबणीत बसवू नका, गंज धरला की दिवाळीपर्यंत टिकत नाही, आणि भोक पाडायच्या ऐवजी आधीच्या एखाद्या बोल्टला पट्टी लावून बसवता आला तर बघा.

सेन्सरचं थोडक्यात. शॉक सेन्सर जवळपास सगळ्या किटमध्ये येतो, गाडीला धक्का बसला की वाजतो. त्याला एक छोटा स्क्रू असतो, संवेदना कमी-जास्त करायला. बसवणारा बहुतेक वेळा तो अर्ध्यावर ठेवून निघून जातो, आणि मग हायवेला लागून घर असेल तर प्रत्येक ट्रकला, गल्लीतून लग्नाची वरात डीजे लावून गेली तर पूर्ण वेळ, सायरन चालू. शेजारी चार दिवस सहन करतात आणि पाचव्या दिवशी खरंच चोर आला तरी कुणी खिडकीतून बघत नाही. म्हणून तो स्क्रू स्वतः बसून सेट करा, कमीपासून सुरुवात करून, मुठीने दाराच्या खांबावर ठोकत ठोकत. अल्ट्रासॉनिक सेन्सर, जो काचेच्या आत हवेची हालचाल ओळखतो, तो जुन्या गाडीत नको असंच मी म्हणेन. काचेची रबरं सुकलेली, तिकोनी काच पूर्ण बंद होत नाही, वारा आत शिरतो. तिसरा असतो करंट सेन्सर, गाडीत कुठेही अचानक करंट ओढला गेला की वाजणारा. ऐकायला छान, पण डॅशबोर्डवर जुनं इलेक्ट्रिक घड्याळ असेल तर ते ठराविक वेळाने स्वतःला चावी देतं, त्या प्रत्येक वेळी थोडा करंट घेतं, आणि सेन्सरला वाटतं चोर आला. घड्याळ मला प्रिय आहे, म्हणून सेन्सर बंद. टिल्ट सेन्सर मात्र जरूर घ्या, गाडी जॅकवर उचलली किंवा एका बाजूने तिरपी केली की वाजतो, टेम्पोत टाकणाऱ्यासाठी तोच कामाचा.

आता इंजिन बंद ठेवण्याची गोष्ट, आणि इथे जरा थांबून वाचा. नव्या गाडीची पद्धत म्हणजे सेल्फची वायर तोडून मधे रिले टाकणं. आपल्या गाडीला धक्का स्टार्ट करता येतं, उतारावर लावली असेल तर एकट्या माणसालाही, त्यामुळे फक्त सेल्फ तोडून काही होत नाही. चावीच्या स्विचची वायर तोडली तरी चोर बॅटरीवरून सरळ कॉइलला वायर लावतो, तुमचा रिले बाजूलाच राहिला. इंजिनला पेट्रोल पुरवणाऱ्या पंपाची वायर तोडावी म्हटलं तर पद्मिनी आणि अँबेसिडरला पंप यांत्रिक आहे, कॅमशाफ्टवर चालणारा, त्याला वायरच नाही.

मग काय करायचं? कॉइल कशी चालते ते समजलं तर उत्तर तिथेच आहे. कॉइलच्या प्लसला १२ व्होल्ट येतात, मायनसच्या टोकावरून वायर डिस्ट्रिब्युटरमधल्या पॉइंटला जाते. पॉइंट मिटलेले असताना करंट कॉइलमधून वाहून बॉडीत जातो, पॉइंट उघडले की तो एकदम तुटतो, आणि त्या तुटण्यामुळेच प्लगला ठिणगी मिळते. म्हणजे ठिणगी हवी तर करंट तुटला पाहिजे. आता कॉइलच्या मायनसच्या टोकालाच एक वायर लावून ती बॉडीला टेकवली, तर पॉइंट कितीही उघडले-मिटले तरी करंट तुटतच नाही, ठिणगी नाही. चोराने प्लसला बॅटरीवरून वायर दिली, सेल्फ मारला, इंजिन गरगर फिरतंय पण पकडत नाही, आणि त्याला तुटलेली वायर कुठेच दिसत नाही कारण काही तुटलेलंच नाही. ही युक्ती मला फार आवडते. रिले असा जोडायचा की त्याच्या गुंडाळीचं एक टोक कॉइलच्या प्लसवरून घ्यायचं आणि दुसरं अलार्मच्या त्या वायरीला, जी अलार्म लावलेला असताना अर्थ देते. मग गाडी नुसती उभी असताना रिले काहीच खात नाही, बॅटरी सुरक्षित, आणि कुणी कॉइलला वीज दिली की त्याच विजेने रिले ओढला जातो आणि मायनस अर्थ करतो. एकच सांभाळायचं, अशा स्थितीत कॉइलमधून तीन-चार अँपिअर सतत वाहतात, ती तापते, म्हणून अलार्म लावलेला असताना स्वतः चावी ऑन करून विसरू नका. आणि पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवलं असेल तर ही जोडणी बनवणाऱ्याला विचारल्याशिवाय करू नका.

पण डिझेल अँबेसिडर किंवा डिझेल जीप असेल, आणि आपल्या शेतकरी घरांमध्ये त्याच जास्त, तर वरचं काहीच लागू नाही. डिझेलला कॉइल नाही, पॉइंट नाही, इंजिन एकदा सुरू झालं की जुन्या यांत्रिक पंपाला विजेची गरजही नाही, बंद करायला नॉब ओढावा लागतो. तिथे इंधनच थांबवायला हवं. टाकीतून येणाऱ्या नळीला लपवलेला हाताचा कॉक, सोपा आणि न बिघडणारा. कॉक बंद असला तरी नळीत आणि फिल्टरमध्ये उरलेल्या डिझेलवर गाडी थोडं अंतर जाते आणि बंद पडते, आणि मग हवा काढल्याशिवाय सुरू होत नाही. तेच तुम्हालाही करावं लागेल हे लक्षात ठेवा, म्हणून रोजच्या वापराला नको, महिनोन् महिने उभ्या गाडीला चांगला.

एक गोष्ट मात्र हात जोडून सांगतो. काही किटमध्ये आणि बऱ्याच ट्रॅकरमध्ये मोबाइलवरून चालती गाडी बंद करण्याची सोय असते. ती जोडू नका. पाळधीच्या पुढे हायवेला मागे भरलेला ट्रक असताना, किंवा कन्नडच्या घाटात चढावर इंजिन अचानक बंद पडलं तर काय होईल त्याचा विचार करा, आणि असं व्हायला चोरच लागतो असं नाही, चुकीचा सिग्नल, सुटलेली वायर, खिशात दाबलं गेलेलं बटण, काहीही पुरतं. जो काही कट लावाल तो फक्त उभी गाडी सुरू होऊ नये यासाठी हवा.

वायरिंगला हात लावण्याआधी इलेक्ट्रिशियनला एकच अट घाला, गाडीची मूळ वायर कापायची नाही. जुन्या वायरींवर कापडाचं किंवा रबराचं आवरण असतं, ते वाळून कडक झालेलं असतं, एका जागी वाकवलं तर तीन जागी तडकतं. अलार्मची वेगळी वायरिंग करा, जिथे जोडायचंय तिथे मूळ टर्मिनलच्या स्क्रूखाली लग लावून जोडा, जिथे अगदी इलाज नाही तिथे सोल्डर करून हीट श्रिंक स्लीव्ह, म्हणजे तापवल्यावर आवळून बसणारी नळी, घाला. नुसती पिळून टेप गुंडाळलेली वायर आपल्या उन्हात टिकत नाही, टेपचा डिंक वितळतो आणि टेप सुटून लोंबते. अलार्मचा प्लस गाडीच्या फ्यूजबॉक्समधून घेऊ नका, जुन्या अँबेसिडरच्या फ्यूजबॉक्समध्ये मोजून दोन फ्यूज असतात, तेही ३५ अँपिअरचे, अलार्मची बारीक वायर त्या फ्यूजच्या आधी जळेल. सरळ बॅटरीवरून घ्या आणि बॅटरीच्या अगदी जवळ वेगळा फ्यूज टाका. किती अँपिअरचा? इंडिकेटरचे चार बल्ब २१ वॅटचे, एकूण ८४ वॅट, १२ ने भागले की ७ अँपिअर, अधिक सायरन, म्हणजे १० चा बरोबर. आणि वायरही तेवढं पेलणारी हवी. बॅटरीला कटऑफ स्विच बसवला असेल तर विचार करा, कटऑफ बंद केला की अलार्मही मेला. अलार्मची वायर कटऑफच्या आधी, बॅटरीच्या बाजूने घ्यायची.

पेटी डॅशबोर्डच्या वर कधीच नको, बंद गाडीत तिथे भट्टी असते. खाली, आतल्या बाजूला, आणि कॉइल व प्लगच्या वायरींपासून लांब, कारण पॉइंटवाल्या इग्निशनचा विजेचा गोंधळ इतका असतो की रेडिओत खरखर येते ती त्याचीच, आणि अलार्मची पेटी त्याने भांबावते. प्लगला साध्या तांब्याच्या वायरींऐवजी रेझिस्टन्सवाल्या लावल्या की हे बरंच कमी होतं. सायरन एक्झॉस्टपासून दूर, तोंड खाली, म्हणजे पाणी साचत नाही, आणि शक्यतो स्वतःची बॅटरी असलेला घ्या, चोराने मुख्य केबल काढली तरी वाजत राहतो. खळ्यात कापूस किंवा धान्य असेल तर उंदीर असणारच, सगळ्या नव्या वायरी नळीतून ओढा. रिमोट रोलिंग कोडचा मागा, म्हणजे दर वेळी बटण दाबल्यावर नवा कोड जातो आणि कुणी तो हवेतून पकडून ठेवला तरी दुसऱ्यांदा चालत नाही. स्वस्त रिमोटचा कोड कायम एकच असतो, त्याची नक्कल बाजारात मिनिटात होते. सेंट्रल लॉक करायचं असेल तर दाराच्या आत मोटर आणि दांडी बसवावी लागते, जुन्या जड कुलपांना ती नेहमी पुरत नाही, मी तरी ते सोडून देईन.

ट्रॅकर घेताना सिमचं बघा. स्वस्त ट्रॅकर २जीवर चालतात आणि जिओचं २जी नेटवर्कच नाही, त्यामुळे जिओचं सिम टाकून ट्रॅकर मुका बसतो. गाव सातपुड्याच्या पायथ्याला असेल, यावल-चोपड्याच्या वरच्या बाजूला किंवा अक्राणीकडे, तर कुठल्या कंपनीची रेंज तिथे खरंच येते ते मोबाइलवर बघून मगच घ्या. जुन्या गाडीचा पत्रा जाड, पूर्ण पत्र्याच्या आड ठेवलेल्या ट्रॅकरला उपग्रह दिसत नाहीत, काचेखाली किंवा मागच्या शेल्फच्या पुठ्ठ्याखाली ठेवा, पण ऊन थेट लागणार नाही असं, त्यातली लिथियमची बॅटरी उन्हाने फुगते.

कागदपत्रांचंही बघून घ्या. जुन्या गाडीचा विमा बहुतेकांनी फक्त थर्ड पार्टी ठेवलेला असतो आणि थर्ड पार्टीत चोरीचा पैसा मिळत नाही, कितीही भारी अलार्म बसवा. चोरी हवी तर पॅकेज पॉलिसी, आणि पाच वर्षांपेक्षा जुन्या गाडीची किंमत कंपनी आणि तुम्ही मिळून ठरवता, तेव्हा गाडीचे फोटो, दुरुस्तीची बिलं, सगळं समोर ठेवून बोला, नाहीतर भंगाराची किंमत लावतात. अलार्मवर सूट मिळते ती साधन एआरएआय या वाहन तपासणाऱ्या संस्थेने मान्य केलेलं असेल आणि ऑटोमोबाइल असोसिएशनने बसवल्याचं प्रमाणित केलं असेल तर, अडीच टक्के आणि तीही जास्तीत जास्त ५०० रुपये, त्यामुळे सुटीसाठी म्हणून अलार्म घेऊ नका. गाडी ५० वर्षांच्या वरची असेल आणि २०२१ च्या नियमांप्रमाणे व्हिंटेज म्हणून व्हीए मालिकेचा नंबर घ्यायचा विचार असेल, तर चेसिस, बॉडी आणि इंजिनमध्ये मोठा फेरफार झालेला चालत नाही. वर सांगितल्याप्रमाणे अलार्म बसवला तर यातल्या कशालाच धक्का लागत नाही, उद्या काढला तर गाडी होती तशी.

काम झालं की इलेक्ट्रिशियनकडून कागदावर नकाशा काढून घ्या, कोणत्या रंगाची वायर कुठे गेली, फ्यूज कुठे, रिले कुठे. तो कागद गाडीत नाही, घरात ठेवायचा. मोबाइलवर फोटोही काढा. आणि लपवलेला कॉक किंवा स्विच कुठे आहे, रिमोटचा सेल संपला तर अलार्म चावीने कसा बंद करायचा, हे घरातल्या अजून एका माणसाला हाताने करून दाखवा, कारण तुम्ही नाशिकला असताना गाडी वाजायला लागली तर ती बंद करायला शेजारी तुम्हालाच फोन करणार आहेत.